सरकती शीम

तेरेखोलचा किल्ला नकाशावर पाहिला की आबांची सगळी नोकरी कळते. सिंधुदुर्ग आणि गोवा यांच्यामध्ये तेरेखोलची खाडी आहे. पण किल्ला खाडीच्या अलीकडे, आपल्या काठावर, आणि तरीही गोव्याचा. रेडीकडून चालत किल्ल्यावर जाता येतं. किल्ल्यावरून उरलेल्या गोव्यात थेट जायचं, तर मात्र खाडी ओलांडून केरीला उतरावं लागतं. सावंतवाडीकरांनी बांधलेला हा किल्ला १७४६ मध्ये पोर्तुगिजांनी घेतला, तेव्हा ओढली गेलेली रेघ अजून पुसलेली नाही. "शीम काय देवान आखूक नाय," आबा म्हणतात. "कोण जिकलो, कोण हरलो, नि मदी आमका उभे केल्यानी."

आबा म्हणजे आईचे मामा. कस्टममध्ये सब-इन्स्पेक्टर म्हणून लागले, सुपरिटेंडंट म्हणून निवृत्त झाले, आणि ओरोसला घर बांधून राहिले. त्यांचे वडील शिरोड्याच्या मिठागरावर मीठ खात्याचे शिपाई होते. मिठाची ही चौकीदारी इंग्रजांनी गोव्यापर्यंत नेली होती. १८७८ च्या करारानं गोव्याच्या मिठाचा मक्ता त्यांनी पोर्तुगिजांकडून घेतला आणि १८९२ मध्ये करार संपेपर्यंत तो चालवला. पुढे मे १९३० मध्ये शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला. आबांचा जन्म त्यानंतरचा, त्यामुळे ही हकिगत त्यांनी त्यांच्या आईकडून ऐकलेली आणि मी आबांकडून. सत्याग्रहींमध्ये आबांचे सख्खे मामा होते. एकाच घरातला एक माणूस मीठ उचलायला गेलेला, दुसरा ते अडवायला उभा. रात्री दोघं एकाच पंगतीला बसले, आणि पणजीनं दोघांनाही आमटी अळणी वाढली म्हणे. शेवटचा भाग मला जरा सजवलेला वाटतो, पण आबा तो कधी गाळत नाहीत.

१५ ऑगस्ट १९५५ ला आबा वीस वर्षांचे होते आणि बांद्याला होते. देशभरातून आलेले गोवामुक्तीचे सत्याग्रही सीमेवरच्या पत्रादेवीच्या दिशेनं निघाले, तेव्हा गावातल्या बायांनी रस्त्याकडेला पाण्याच्या कळश्या भरून ठेवल्या. दुपारी परतणाऱ्यांच्या खांद्यावर माणसं होती. पंजाबचा कर्नैलसिंग पोर्तुगिजांच्या गोळीबारात तिथेच पडला. त्यानंतर भारत सरकारनं सीमा आवळली, गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, आणि नाक्यांवर माणसं हवी झाली. मॅट्रिक झालेल्या आबांना दुसऱ्या वर्षी नोकरी मिळाली. गोळीबाराचा संताप डोक्यात ठेवूनच ते गेले असणार असं मला वाटायचं. विचारलं तर म्हणाले, "पगार होतो."

त्या काळच्या गोव्यात परदेशी मालावर जकात नाममात्र होती आणि इकडे आयातीवर कडक बंधनं. मग जे व्हायचं तेच झालं. स्विस घड्याळं, फाउंटन पेनं, दाढीची पाती, नायलॉनचं कापड, व्हिस्की, आणि सगळ्यांत वर सोनं. मुंबई इलाख्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आलेला, म्हणून काजूची फेणीसुद्धा गुन्ह्याची वस्तू झाली. सीमेलगतच्या माणसांचं शेत एकीकडे, सोयरीक दुसरीकडे. लग्नाला निघालेल्या वऱ्हाडाची झडती घ्यायची म्हणजे आपल्याच भावकीत वैर. बायांच्या अंगाला पुरुषानं हात लावायचा नाही, आणि झडती घ्यायला बाई मिळेपर्यंत वऱ्हाड नाक्यावर बसून शिव्या घालायचं. आबांना त्यांच्या लग्नात ज्या शिव्या ऐकाव्या लागल्या, त्यांतल्या काही नाक्यावरूनच आलेल्या.

त्यांची आवडती गोष्ट पखवाजाची. दशावताराची एक मंडळी पेडण्याकडून येत होती. त्यांचा पेटारा नाक्यावर आला. पेटारा म्हणजे मंडळींचं दैवतच. त्याची रोज पूजा होते. तो उघडायला शिपाई धजेनात. आबांनी चपला काढल्या, हात धुतले, मंडळींनाच आरती करायला सांगितली आणि मग झाकण काढवलं. आत रंग, मुकुट, गणपतीचा मुखवटा. काही नाही. मंडळी निघाली, तसं आबांनी पखवाजवाल्याला थांबवलं आणि एक तोडा वाजवायला सांगितला. आबा स्वतः भजनात पखवाज धरणारे. पहिल्याच थापेला आवाज बसका लागला. पुडी सोडली, तर आत कापसात गुंडाळलेली घड्याळं. किती, ते दर खेपेला बदलतं. माझ्या लहानपणी बारा होती, माझ्या मुलाला सांगताना चाळीस झाली. पंचनामा झाला, पखवाज मुद्देमालात गेला, त्या रात्रीचा नाटकाचा प्रयोग नुसत्या झांजेवर झाला. त्या गावानं पुढं कित्येक वर्षं आबांना जत्रेचं बोलावणं पाठवलं नाही. घड्याळं ज्याची, तो मात्र मानकऱ्यांत बसायचा.

१९६१ च्या डिसेंबरात दोडामार्गाकडून ५० व्या पॅराशूट ब्रिगेडचे जवान गोव्यात शिरले. १९ तारखेच्या संध्याकाळी गव्हर्नर जनरल वासाल्यू इ सिल्व्हानं शरणागती दिली. साडेचारशे वर्षांची सत्ता दोन दिवसांत गेली, याचा आनंद आबांनाही झाला. पण नाक्यावर आडवा टाकलेला बांबू कुणी आणि कधी काढायचा, याचा हुकूम काही आला नाही. परदेश म्हणून जिथं ते उभे होते, तिथं एका रात्रीत पलीकडेही भारतच होता. लोक हसत हसत बांबूखालून वाकून जात आणि मुद्दाम विचारत, "सायबानू, झडती घेतल्यात नाय?"

मग शीम समुद्रात सरकली. जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रण आणलं, चौदा कॅरेटपेक्षा वरचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. सावंतवाडीच्या सोनारांच्या भट्ट्या विझल्या आणि दुबईहून येणाऱ्या गलबतांचे मात्र दिवस आले. दहा तोळ्याची बिस्किटं, कप्पे शिवलेली जाकिटं, भरतीच्या वेळी खाडीत शिरणाऱ्या होड्या. सिंधुदुर्गाचा किनारा १२१ किलोमीटरचा. देवगड, मालवण, वेंगुर्ला, प्रत्येक वळणावर एक पुळण. एवढ्या किनाऱ्यावर कस्टमकडे जीप एक, आणि तीही बहुधा ढकलून चालू होणारी. भिस्त सगळी खबऱ्यावर. खबरी कोण, ते आबांनी आजवर सांगितलेलं नाही, मेलेल्यांचंही नाही. मला या मौनाचं त्यांच्या साऱ्या धाडींपेक्षा जास्त कौतुक आहे.

गोव्याचे कस्टम अधिकारी कोस्ताव फर्नांडिस यांचा विषय निघाला की आबा अजूनही ताठ बसतात. मे १९९१ मध्ये सोन्याचा पाठलाग करताना झालेल्या झटापटीत समोरचा माणूस मेला आणि फर्नांडिस यांच्यावरच खुनाचा खटला उभा राहिला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना त्यातून मुक्त केलं. अलीकडे त्यांच्यावर सिनेमा आला. नातवानं तो मोबाईलवर लावून दिला. आबांनी तो पाहिला आणि एवढंच विचारलं की खटला चालू असताना फर्नांडिसांच्या बायकोनं घर कसं चालवलं, ते दाखवलंय का.

दुसरी बाजूही त्यांनी बघितली. १९९३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत रायगडच्या दिघी आणि शेखाडीला माल उतरला. त्यात शस्त्रं आणि आरडीएक्स होतं. १२ मार्चला बॉम्बस्फोटांनी मुंबई हादरली. पुढे जे दोषी ठरले, त्यांत कस्टम आणि पोलीस खात्याचीही माणसं होती. आबा त्याच वर्षीच्या मेअखेर निवृत्त झाले. निरोपसमारंभात हार नको म्हणाले. खात्याचा गणवेश घालून बाजारातून जाताना त्या दिवसांत लोक बघायचे, ते आपल्याला सहन होत नव्हतं, असं एकदाच बोलले. त्याच वर्षी नौदल, तटरक्षक दल, कस्टम आणि पोलीस यांची समुद्रातली संयुक्त गस्त, ऑपरेशन स्वान, सुरू झाली. आबांच्या हातात तोवर पेन्शनचे कागद होते.

सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० मध्येच रद्द झाला होता. १९९२ मध्ये परदेशस्थ भारतीयांना जकात भरून पाच किलोपर्यंत सोनं उघड आणायची मुभा मिळाली. ज्या बिस्किटांसाठी आबांनी पावसात रात्री काढल्या, ती विमानतळावर पावती फाडून सुटू लागली. याचं त्यांना वाईट वाटलं का? अजिबात नाही. कायदा त्या दिवशी तसा होता, म्हणून आपण त्या दिवशी तिथं होतो, यापलीकडे ते जात नाहीत. मला हे थोडं कोरडं वाटतं, पण माणूस वेडा न होता सदतीस वर्षं हे काम करू शकतो, तो बहुधा अशानंच.

ओरोस १९८१ मध्ये नव्या जिल्ह्याचं मुख्यालय झालं, म्हणून आबा इथं आले. कोषागार जवळ, पेन्शनसाठी रत्नागिरी नको. महामार्ग घरापासून हाकेच्या अंतरावर. गोव्याहून मुंबईकडे जाणारे ट्रक रात्रभर जातात आणि इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर राज्य उत्पादन शुल्कवाले चोरकप्प्यांतून दारूचे खोके काढतात. गोव्यातला कर कमी, इथला जास्त, एवढंच कारण. गुन्हा मात्र आजही १९४९ च्या दारूबंदी कायद्याखालीच दाखल होतो, आणि दाखल करतं ते दारूवर महसूल गोळा करणारं खातं. पेपरात अशी बातमी आली की आबा आधी चोरकप्पा कुठं होता ते वाचतात. "टाकीखाली? जुनाच हां," असं म्हणून पान उलटतात.

गेल्या वर्षी त्यांचा नातू मस्कतहून मोपा विमानतळावर उतरला. पेडण्यातला हा विमानतळ पखवाजाच्या नाक्यापासून फार लांब नाही. गळ्यात सोन्याची साखळी होती. घरी आल्यावर आबांनी ती हातात घेतली, तळव्यावर तोलली.

"अठरा ग्रॅम असतली."

"एकोणीस, आबा. वीसपर्यंत माफ आसा."

"पावती?"

नातवानं मोबाईल पुढं केला. आबांनी चष्मा काढला आणि कागदावर छापून आणायला सांगितलं.