गुह्यविद्येचें दार

कल्याणहून माळशेज घाट चढून येणारा रस्ता मढवरून पुढें ओतुराकडे आणि तेथून आळ्याकडे जातो. ह्या एकाच वाटेवर महाराष्ट्राच्या धर्मेतिहासाच्या दोन खुणा आहेत. ओतुरास बाबाजी चैतन्यांची समाधि आहे; तुकोबांना स्वप्नांत मंत्र देणारे गुरु ते हेच, असें परंपरा मानते. आळ्यास एका रेड्याची समाधि आहे. ज्ञानेश्वरांनीं ज्याच्या मुखांतून वेद वदविला तो हा रेडा, असें लोक सांगतात. आख्यायिका म्हणून ह्या कथा आपण ऐकतों आणि सोडून देतों. परंतु दोहींच्या पोटांत प्रश्न एकच आहे: जें ज्ञान थोड्यांच्याच मुखीं आहे तें इतरांस द्यावें कीं नाहीं, आणि द्यावयाचें तर कोणाच्या अधिकारानें?

हा प्रश्न केवळ आमचाच नव्हे. यहुदी धर्मांतील गूढविद्येचा सारा इतिहास ह्याच प्रश्नाभोंवतीं फिरतो, आणि १८८७ सालीं तर तो प्रत्यक्ष पुणें शहरांतच उपस्थित झाला. त्या प्रसंगाचें मर्म कळण्यास ह्या विद्येचीं मूलतत्त्वें आधीं ठाऊक हवींत.

ह्या विद्येस ‘कब्बाला’ म्हणतात. शब्दाचा अर्थ ‘ग्रहण’; गुरूच्या मुखांतून शिष्यानें जें घ्यावयाचें तें. तिचा मुख्य ग्रंथ ‘झोहर’, म्हणजे ‘तेज’. दुसऱ्या शतकांतील शिमोन बार योहाय ह्या ऋषितुल्य पुरुषाचा तो ग्रंथ, अशी श्रद्धा आहे. परंतु आधुनिक संशोधकांच्या मतें तो तेराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमधील कास्तील प्रांतांत रचला गेला, आणि त्याच्या रचनेंत मोझेस द लेऑन ह्या पंडिताचा मोठा वांटा होता. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे इ. स. १२९० ची. दोन्ही ग्रंथ एकाच पिढींतले, हा योगायोग मनोरंजक आहे. एकानें गुह्य लोकभाषेंत आणलें, तर दुसऱ्यानें तें जुन्या अरामी भाषेच्या पडद्याआड ठेविलें.

झोहराच्या मतें ईश्वराचें मूळ स्वरूप ‘एन सोफ’, म्हणजे अंतरहित. त्याविषयीं कांहींच बोलतां येत नाहीं. येथें आपल्यास ‘नेति नेति’ची आठवण होते. ह्या अव्यक्तापासून दहा ‘सेफिरोत’ प्रकट होतात: मुकुट, प्रज्ञा, बोध, दया, न्याय, सौंदर्य, विजय, वैभव, आधार आणि राज्य. शेवटची जी ‘राज्य’ तीच ‘शेखिना’, म्हणजे जगांत वास करणारें ईश्वराचें सान्निध्य. यहुदी लोक देशोधडीस लागले तेव्हां तीहि त्यांच्याबरोबर वनवासास निघाली, अशी ही भावना आहे.

१४९२ सालीं स्पेनमधून यहुद्यांची हकालपट्टी झाली आणि ह्या विद्येस नवा अर्थ आला. गालील प्रांतांतील साफेद गांवीं आयझॅक लूरिया (१५३४–१५७२) ह्यानें सृष्टीची कथा नव्यानें सांगितली. ईश्वरानें प्रथम स्वतःस आंखडून घेतलें, तेव्हां जगास जागा झाली. त्या जागेंत ओतलेला प्रकाश पात्रांस पेलला नाहीं. पात्रें फुटलीं आणि प्रकाशाच्या ठिणग्या सर्वत्र विखुरल्या. मनुष्याची प्रत्येक प्रार्थना, प्रत्येक विहित कर्म एकेक ठिणगी उचलून परत नेतें. ह्या दुरुस्तीस ‘तिक्कून’ म्हणतात. येथें अद्वैताशीं असलेलें साम्य संपतें, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे. हें जग माया नव्हे. तें खरेंच मोडलेलें आहे, आणि तें सांधण्याच्या कामीं ईश्वरास मनुष्याचें साहाय्य हवें आहे. प्रत्यक्ष एलिया प्रवक्ता येऊन लूरियास हीं रहस्यें सांगत असे, अशी त्याच्या अनुयायांची श्रद्धा होती. देहधारी गुरूवांचून मिळालेल्या ज्ञानास असाच आधार लागतो. तुकोबांची स्वप्नकथा येथें आठवल्याविना राहत नाहीं.

गुह्य उघडण्यांत धोकाहि असतो. लूरियाच्या कल्पनांनीं भारावलेल्या काळांत सब्बताय त्सेवी ह्यानें आपण मुक्तिदाता मसीहा असल्याची द्वाही फिरविली. हजारों कुटुंबें सर्वस्व सोडून निघण्याच्या तयारींत असतां १६६६ सालीं सुलतानाच्या धाकानें त्यानें इस्लाम धर्म स्वीकारला. त्या आघातापासून कब्बाला सर्वांहातीं देण्यास धर्माधिकारी कचरूं लागले, ह्यांत नवल नाहीं.

तरीहि दार पुन्हा उघडलें. आज युक्रेनमध्यें असलेल्या पोदोलिया प्रांतांत इस्राएल बेन एलिएझर (मृत्यु १७६०) नांवाचा पुरुष उदयास आला. लोक त्यास ‘बाल शेम तोव’ म्हणत. त्याच्यापासून हसीदी पंथ निघाला. अडाणी गाडीवानाची मनापासून केलेली प्रार्थना पंडिताच्या पाठांतराहून उणी नाहीं; ईश्वराशीं चित्त जडविणें, म्हणजे ‘देवेकूत’, हेंच सार; आणि खिन्नता हा भक्तीचा शत्रु असून गाणें, नाचणें व कथा हीं तिचीं साधनें, अशी ह्या पंथाची शिकवण आहे. ज्यानें वारकऱ्यांचें कीर्तन ऐकलें आहे त्यास हें परकें वाटणार नाहीं. विल्ना येथील पंडितांनीं १७७२ सालीं ह्या पंथावर बहिष्कार पुकारला. त्यांचे सर्वच आक्षेप पोकळ नव्हते. पंथांत ‘त्सद्दीक’ ह्या सिद्धपुरुषाचें महत्त्व अतोनात वाढलें आणि पुढें अनेक गाद्या वंशपरंपरेनें चालूं लागल्या. दार उघडणाराच दाराशीं पहारेकरी होऊन बसतो, हा अनुभव आपल्याहि संप्रदायांस नवा नाहीं.

आतां पुण्याकडे वळूं. बगदादहून आलेल्या यहुद्यांची येथें वस्ती होती. डेव्हिड ससून ह्यांच्या द्रव्यानें उभें राहिलेलें, १८६७ सालीं पुरें झालेलें ‘लाल देऊळ’ त्यांचेंच. ह्या समाजांतील अब्राहाम डेव्हिड एझिकेल हे गृहस्थ थिऑसॉफिकल सोसायटीचे सभासद झाले, आणि परक्यांच्या त्या मंडळींत त्यांस स्वधर्मांतील गूढविद्येची ओढ लागली. १८८७ सालीं त्यांनीं झोहरांतील ‘इद्रा झूता’ ह्या प्रकरणाचें आपल्या समाजाच्या बोलीच्या अरबी भाषेंत भाषांतर करून पुण्यांत छापविलें. बगदादच्या धर्मपंडितांनीं त्याचा निषेध केला. जें अधिकाऱ्यानेंच वाचावें तें बाजारांत मांडलें, असा तो आक्षेप होता. सब्बतायची आठवण असणाऱ्यांनीं असें म्हणावें, हें समजण्यासारखें आहे.

परंतु एझिकेल ह्यांनीं निवडलेलें प्रकरण कोणतें, तें पाहावें. ‘इद्रा झूता’ हा शिमोन बार योहायच्या अखेरच्या दिवसाचा वृत्तांत आहे. मरण समोर असतां तो शिष्यांस जवळ बोलावितो आणि तोंवर राखून ठेविलेलीं रहस्यें सांगूं लागतो. सांगतां सांगतांच त्याचा प्राण जातो. गुह्याचा सर्वश्रेष्ठ रक्षकहि शेवटीं तें बरोबर नेत नाहीं. भाषांतराचें समर्थन त्या ग्रंथाच्याच पोटांत होतें.

त्याच पुण्यांत मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएलांनीं १८७४ सालीं वल्हांडणाच्या रात्रीं वाचावयाची ‘हग्गादा’ हिब्रू मूळ व मराठी भाषांतर अशी छापविली होती. तिच्या चित्रांतील भाकरी करणाऱ्या स्त्रिया हिंदुस्थानी वेषांत आहेत. १८८० च्या सुमारास ह्या समाजांत बायबलांतील आख्यानांवर मराठी कीर्तनेंहि होऊं लागलीं. नवस फेडतांना मलिद्याच्या ताटापुढें ते ज्याचें स्मरण करितात तो एलियाहू हन्नाबी म्हणजे लूरियाचा एलियाच. साफेदच्या पंडितांचा गुप्त गुरु कोंकणांत घरोघरचा पाहुणा झाला. त्यासाठीं कोणास झोहर वाचावा लागला नाहीं.

हसीदी पंथ महाराष्ट्रांत आला तो फार उशिरां. त्याच्या ‘हबाद’ शाखेचे (वृत्तपत्रें हिलाच ‘छबाड’ म्हणतात) धर्मगुरु गॅव्रिएल होल्ट्झबर्ग २००३ सालीं पत्नी रिव्का हिच्यासह मुंबईस आले. कुलाब्यांतील त्यांचें घर वाटसरूंसाठीं उघडें असे. २००८ च्या नोव्हेंबरांत त्याच उघड्या दारांतून मारेकरी आंत शिरले, आणि पतिपत्नी दोघेंहि मारलीं गेलीं. त्यांच्या दोन वर्षांच्या मुलास दाईनें उचलून बाहेर आणलें. ती दाई यहुदी नव्हती, आणि ठिणग्यांचें तत्त्वज्ञान तिनें वाचलें असेल असें नाहीं; पण विखुरलेली ठिणगी उचलणें म्हणजे काय, हें त्या वेळीं तिनें करून दाखविलें.

‘कब्बाला’ म्हणजे घेणें. आपल्या ‘संप्रदाय’ शब्दाच्या मुळाशीं आहे तो ‘दा’ धातु, म्हणजे देणें. घेण्यास पात्रता लागते, हें बगदादच्या पंडितांचें म्हणणें खोटें नव्हे. परंतु पात्र आहे कीं नाहीं हें दिल्यावांचून कळावें कसें? आळ्याच्या त्या समाधीपाशीं आजहि लोक माथा टेकतात. वेद म्हणण्याचा अधिकार त्या मुक्या जनावरास होता कीं नव्हता, हें तेथें कोणी विचारीत नाहीं.