प्रसूतिसेवेबद्दल मातांचे समाधान (ठाणे व कल्याण-डोंबिवली)

रुग्णालयात बाळंत झालेल्या स्त्रीला तिथली सेवा कशी वाटली याची मोजणी. केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये सरकारी प्रसूतिकक्षांसाठी सुरू केलेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमाने ती गुणवत्तेचा निकष मानली. महाराष्ट्रात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार ९४.७ टक्के प्रसूती आरोग्यसंस्थांत झाल्या, म्हणजे बाई दवाखान्यात पोचते की नाही हा प्रश्न बराचसा मागे पडला. पोचल्यावर तिला कसे वागवले जाते, हा आता खरा प्रश्न आहे. आणि ‘समाधानी आहात का?’ असे विचारून त्याचे उत्तर मिळत नाही. हे विचारले जाते ते घरी सोडताना. बाळ सुखरूप हाती आलेले असते, सुटकेचा आनंद असतो, समोर त्याच वॉर्डातली सिस्टर असते. अशा वेळी तक्रार कोण करील? ब्रिटनमधील पोर्टर आणि मॅकिन्टायर यांनी १९८४ मध्येच दाखवले होते की गरोदर स्त्रिया मिळालेली सेवाच सर्वांत चांगली मानून चालतात. जिने दुसरी पद्धत पाहिलेली नाही तिच्या होकारातून अपेक्षेची पातळी कळते, सेवेची नाही.

या पट्ट्यात अनुभव ठरवणारी मोठी गोष्ट म्हणजे ‘पुढे पाठवणे’. कल्याणचे रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर ही महापालिकेची रुग्णालये. गुंतागुंत झाली, तज्ज्ञ किंवा नवजात अर्भकांसाठी खाट नसली, की बाईला कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाकडे किंवा थेट मुंबईला जावे लागते. कळव्यावर शहापूर-मुरबाडपर्यंतचा भार आहे. कळा सुरू असताना रुग्णवाहिकेत घालवलेला वेळ शेवटच्या रुग्णालयाच्या फॉर्मवर कुठेच उमटत नाही. त्यात पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत: नाव नोंदवलेले डोंबिवलीत, बाळंतपण साताऱ्यात किंवा कोकणात. जिथे नऊ महिने तपासणी झाली तिथे तिचे मत पोचतच नाही. खासगी नर्सिंग होममध्ये खोली स्वच्छ असते, माणसे भेटू शकतात, म्हणून समाधानही जास्त नोंदले जाणे स्वाभाविक आहे. पण त्याच कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील खासगी संस्थांत ४७.४ टक्के आणि सरकारी संस्थांत १४.३ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या. खासगीत अधिक जोखमीच्या स्त्रिया जातात एवढ्याने ही तफावत सुटत नाही. सिझर का करावे लागले हे तिला समजेल असे सांगितले का, हे खोलीच्या स्वच्छतेवरून कळणार नाही.

यावर डॉक्टरांचा आक्षेप असा, की आई आणि मूल जिवंत राहणे आधी, बाकी सारे नंतर. राज्याचा मातामृत्यू दर २०१८-२० मध्ये लाखामागे ३३ पर्यंत उतरला, हे त्यांच्याच कष्टांचे फळ आहे आणि ते मोठे आहे. पण दोन्हींत निवड करावी लागते हे मात्र खरे नाही. प्रसूतीच्या काळात सतत कोणाची तरी सोबत मिळण्याविषयीच्या २६ चाचण्यांचा २०१७ चा कॉक्रेन आढावा सांगतो, की सोबतीमुळे सिझेरियन कमी होतात आणि अनुभवाबद्दलची नाराजीही घटते. केंद्राने २०१६ मध्येच सरकारी रुग्णालयांत सोबतीण ठेवण्याची मुभा दिली आहे. दोन खाटांमध्ये पडदा नसेल तर दुसरीची लाज कशी राखायची, ही सिस्टरची अडचण खरी आहे. पण त्या अडचणीवर उपाय पडदा लावणे हा आहे, आईला किंवा सासूला बाहेर बसवणे हा नव्हे. आणि अनुभव हा मनाचा खेळ, तो मोजायचा कसा, असे म्हणणाऱ्यांसाठी एलेन हॉडनेट यांचा २००२ चा आढावा आहे: समाधान वेदनेपेक्षा आधार, वागणूक, निर्णयातील सहभाग आणि स्वतःच्या अपेक्षा यांवर अधिक ठरते. यातल्या बऱ्याच गोष्टी घटना म्हणून विचारता येतात. कोणी ओरडले का? टाके घालण्यापूर्वी सांगितले का? सोबत कोण होते? किती ठिकाणी फिरावे लागले? बाळाच्या दीड महिन्याच्या लसीला आई येते, तेव्हा हे प्रश्न लेबर रूमशी संबंध नसलेल्या व्यक्तीने विचारावेत आणि उत्तरे तिला पुढे पाठवणाऱ्या रुग्णालयाच्या नावावरही नोंदवावीत.