वीस डॉलरची हाक

माझा भाचा अमेरिकेत दक्षिण कॅरोलिना राज्यातल्या ग्रीनवूड नावाच्या गावात नोकरीला होता. एका एप्रिलमध्ये मी त्याच्याकडे महिनाभर राहून आलो. एके दिवशी तो मला एका दुकानात घेऊन गेला. बंदुका, गळ, बूट, तंबू, सगळं एका छपराखाली. तिथल्या एका अख्ख्या भिंतीवर लहान लहान लाकडी पेट्या, तळहाताएवढ्या गोल पाट्या आणि रबराच्या चकत्या टांगलेल्या होत्या. भाच्याने एक पेटी उचलून तिचं झाकण हलकेच सरकवलं, आणि भर दुकानात कोंबडी केकाटल्यासारखा आवाज झाला.

"मामू, टर्कीला बोलवायचं हे. ह्याला इथे कॉल म्हणतात."

किंमत वीस डॉलर. गल्ल्यामागच्या काचेच्या कपाटात तशाच दिसणाऱ्या आणखी पाच-सहा पेट्या होत्या. त्या त्याच भागातल्या कारागिरांनी हाताने केलेल्या. त्यांच्या किमती दोनशे डॉलरपासून पुढे. दुकानदाराने आढेवेढे न घेता दोन्ही वाजवून दाखवल्या. खरं सांगायचं तर मला काडीचाही फरक कळला नाही. ज्याने उभी हयात शब्दांचे कान टोचण्यात घालवली, त्याला हे कबूल करताना जरा ओशाळल्यासारखं झालं. मग महिनाभर मी ह्या फरकाच्या मागेच लागलो.

आधी पक्ष्याविषयी सांगायला हवं. टर्की मूळचा अमेरिका खंडातला. मेक्सिकोतल्या लोकांनी तो फार पूर्वीच माणसाळवला होता. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला आणि तिथून नावांचा गोंधळ सुरू झाला. इंग्रजांना वाटलं तो तुर्कस्तानचा, तुर्कांनी त्याला 'हिंदी' म्हटलं, फ्रेंचांनीही हिंदुस्थानावरूनच नाव दिलं, डचांनी थेट कालिकतवरून. पोर्तुगीजांनी म्हटलं 'पेरू'. उर्दूत एक शब्द आहे, 'फीलमुर्ग', म्हणजे हत्तीकोंबडा. चोचीवरून सोंडेसारखा मांसल तुकडा लोंबतो म्हणून. मला तरी ह्या सगळ्यांत हेच नाव पक्ष्याकडे नीट बघून ठेवल्यासारखं वाटतं.

हा पक्षी आपल्याकडे गोव्याच्या वाटेने आला. बादशहा जहांगीरने मुकर्रबखान नावाच्या सरदाराला गोव्याला दुर्मीळ चिजा आणायला धाडलं होतं. १६१२ साली त्याने आणलेल्या नजराण्यात एक टर्की होता. जहांगीरने आत्मचरित्रात त्याचं वर्णन केलं आहे. माजावर आला की त्याचं डोकं आणि मान कधी पोवळ्यासारखी लाल, कधी कापसासारखी पांढरी, कधी पिरोजासारखी निळी होते, हे त्याने टिपलं. त्याच्या दरबारातल्या उस्ताद मन्सूरने काढलेलं त्या पक्ष्याचं चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे.

कॉलचा सगळा धंदा ह्या माजावर चालतो. वसंत ऋतूत नर पहाटे झाडावरूनच आरोळी ठोकतो, मग खाली उतरून पिसारा फुलवतो आणि उभा राहतो. मादीने त्याच्याकडे जायचं, ही निसर्गाची रीत. शिकारी ती उलटी करू पाहतो. तो मादीचा आवाज काढतो आणि नराने आपल्याकडे यावं म्हणून झाडाच्या बुंध्याला टेकून, अंगावर पानाफांद्यांच्या रंगाचे कपडे घालून, तासन्‌तास पुतळ्यासारखा बसतो. टर्कीची नजर इतकी तीक्ष्ण की बोट हललं तरी खेळ संपला. बहुतेक ठिकाणी वसंतात फक्त नर मारायची परवानगी असते. आपल्याकडचे फासेपारधी तितराची हुबेहूब बोली नुसत्या तोंडाने काढत आले. अमेरिकेत त्यासाठी साधनांचा बाजार उभा राहिला.

सगळ्यांत जुनं साधन हाडाचं. तिथल्या मूळ रहिवाशांनी टर्कीच्याच पंखातली तीन पोकळ हाडं एकात एक बसवून नळी केली. ती फुंकायची नाही. ओठांत धरून हवा आत ओढायची. मौलाना रूमींच्या मसनवीची सुरुवात बेटातून तोडलेल्या बासरीच्या तक्रारीने होते, हे पुष्कळांना ठाऊक असेल. ही तर त्याहून पुढची गोष्ट. मेलेल्या पक्ष्याचं हाड जिवंत भाईबंदाला हाक मारतं आणि तो येतो. ती नळी भाच्याच्या शेजाऱ्याने मला हातात दिली तेव्हा मी ती पटकन परत केली.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या गोऱ्यांनी ही विद्या उचलली. लुईझियानाचे चार्ल्स जॉर्डन हे नामांकित शिकारी हाड आणि वेताची नळी जोडून कॉल करत. ते १९०९ मध्ये गेले. त्यांच्या कागदपत्रांवरून एडवर्ड मॅकिलहेनी ह्यांनी १९१४ साली 'द वाइल्ड टर्की अँड इट्स हंटिंग' हे पुस्तक काढलं. हे मॅकिलहेनी टबॅस्को सॉस करणाऱ्या घराण्यातले. पण मधल्या काळात एक गोष्ट घडून गेली होती. आर्कान्सा राज्यातल्या डार्डनेल गावच्या हेन्री गिब्सन ह्यांनी १८९७ मध्ये पेटीच्या कॉलचं पेटंट घेतलं. लांबट पेटी, तिच्या दोन बाजूंना पातळ लाकडी ओठ, वर एका स्क्रूवर फिरणारं दांडीचं झाकण. झाकणाला खडू चोळायचा आणि ओठावरून घासायचं. हाडाची नळी वाजवायला वर्षानुवर्षं लागतात. ही पेटी पोरालाही वाजवता येते. पुढे १९४० च्या सुमारास अलाबामात एम. एल. लिंच ह्यांनी अशा पेट्या व्यापारी प्रमाणावर विकायला सुरुवात केली. त्यांनी आपल्या कॉलला जे नाव दिलं त्याचा मराठीत अर्थ होईल 'मूर्खालाही न चुकणारा'. विक्रेत्याचा आत्मविश्वास असावा तर असा!

म्हणजे स्वस्त कॉलचा इतिहास अगदी कालपरवाचा नाही. त्याआधी सगळेच कॉल हाताने केलेले होते आणि त्याचं कोणाला कौतुक नव्हतं. बापाने किंवा काकाने करून द्यायचा, फुटला तर दुसरा. ज्याला असा बाप नाही, काका नाही, त्याच्यासाठी कारखाना धावून आला. हस्तकलेच्या प्रेमात पडलेली माणसं ही बाजू नेहमी विसरतात.

पण गंमत अशी, की हाक मारायचं साधन सोपं होत गेलं तेव्हा साद द्यायला पाखरूच उरलं नव्हतं. मॅसॅच्युसेट्समध्ये शेवटचा रानटर्की १८५१ मध्ये मारला गेल्याची नोंद आहे. ज्या भूमीतून टर्कीच्या मेजवानीचा सण देशभर गेला, तिथली ही कथा. जंगलं तुटली, बाजारासाठी बेसुमार शिकार झाली. त्यात १९०४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये चेस्टनटच्या झाडांवर एक बुरशी आढळली आणि पुढच्या काही दशकांत तिने पूर्वेकडची ती झाडं जवळपास संपवली. टर्कीचं मोठं खाद्य गेलं. मॅकिलहेनींचं पुस्तक निघालं त्याच वर्षी, १ सप्टेंबर १९१४ रोजी, सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात पॅसेंजर पिजन ह्या जातीचं शेवटचं कबूतर मेलं. टर्कीही त्याच वाटेवर होता. १९३० च्या दशकात देशभरात मिळून दोनेक लाख पक्षी उरले असावेत असा अंदाज आहे.

मग प्रयत्न सुरू झाले, आणि पहिला प्रयत्न कारखान्याचाच होता. पिंजऱ्यात अंडी उबवायची, पिल्लं वाढवायची आणि रानात सोडायची. वर्षानुवर्षं हजारो पक्षी सोडले. बहुतेक सगळे मेले. दिसायला तेच रंग, तीच पिसं. पण त्यांना वाढवायला आई नव्हती. धोक्याची हाक कोणती, पांगलेल्यांनी एकत्र यायची कोणती, आवाज आल्यावर पळायचं की दडायचं, हे शिकवायला कोणी नव्हतं. माणूस टर्कीची बोली शिकत होता आणि टर्कीच्या पिल्लांना ती येत नव्हती!

उपाय सापडला तो साध्यातला. उरलेले अस्सल रानपक्षी पकडून दुसऱ्या रानात नेऊन सोडायचे. पण ते हाती लागत नसत. बदकं धरण्यासाठी काढलेलं, छोट्या तोफांनी उडवायचं जाळं १९५१ मध्ये दक्षिण कॅरोलिनातल्या फ्रान्सिस मॅरियन जंगलात टर्कीवर वापरलं गेलं आणि मार्ग खुला झाला. १९३७ च्या एका कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांसाठी राखून ठेवला होता. परवान्यांचे पैसेही त्यात आले. १९७३ मध्ये नॅशनल वाइल्ड टर्की फेडरेशन ही संस्था निघाली, तेव्हा पक्ष्यांची संख्या तेरा लाखांच्या घरात होती. ह्या शतकाच्या सुरुवातीला ती सत्तर लाखांच्या आसपास गेली. त्यानंतर काही राज्यांत पुन्हा घसरली. शिकाऱ्यांच्या पैशाने पाखरू वाचलं, हे माझ्यासारख्या माणसाच्या घशाखाली सहज उतरत नाही. पण घडलं ते असं. पाखरू परतलं, शिकारी वाढले, तेव्हाच त्या दुकानातली ती भिंत भरली.

आणि तेव्हाच हाताने केलेल्या कॉलला किंमत आली. ग्रीनवूडचेच नील कॉस्ट हे ह्यातलं मोठं नाव. २००२ मध्ये ते वारले. व्हायोलिनच्या दुनियेत स्ट्राडिव्हेरियस, तसे कॉलच्या दुनियेत कॉस्ट, असं तिथे म्हणतात. त्यांच्या पेट्यांना संग्राहक आज हजारो डॉलर मोजतात, आणि साहजिकच त्या रानात कोणी नेत नाही. पावसात भिजल्या, पडल्या तर? हाक मारायला जन्मलेली वस्तू कपाटात मुकी बसते. आमच्याकडेही मुशायऱ्यांचे वाचले न जाणारे देखणे दिवाण असतात, ते आठवले.

भाच्याचा शेजारी कापडगिरणीतून निवृत्त झालेला मेकॅनिक. घरामागच्या शेडमध्ये वर्षाला पंधरा-वीस पेट्या करायचा. त्याने मला फरक दाखवला, तो तोंडाने नाही, हाताने. सीडरची एक फळी घेऊन त्याने तिच्यावर नखाने टिचकी मारली, कानाशी धरली, बाजूला टाकली. दुसरी घेतली, ठेवून दिली. मग ओठ तासायला लागला. थोडं तासायचं, झाकण लावायचं, वाजवायचं, पुन्हा थोडं. "यंत्र प्रत्येक फळी एकाच मापाची कापतं," तो म्हणाला, "पण लाकूड काही एका मापाचं नसतं." म्हणून कारखान्याच्या दहा पेट्यांत दोन सुंदर निघतात, सहा बऱ्या, दोन टाकाऊ. दुकानात उभं राहून दहाही वाजवून बघायची लाज नसेल, तर वीस डॉलरमध्ये दोनशेचा आवाज मिळू शकतो, हे त्याचंच म्हणणं. आपला धंदा बुडेल ह्याची फिकीर न करता बोलला. हातच्या पेटीत त्या निवडीची मेहनत कारागिराने आधीच केलेली असते. जास्तीचे पैसे त्याचे.

"मग रानात तू तुझीच पेटी नेतोस?" मी विचारलं.

तो हसला. खिशातून घोड्याच्या नालेच्या आकाराची एक रबरी चकती काढली. कारखान्याची, दहाएक डॉलरची. ती टाळूला चिकटवून त्याने अशी काही हाक काढली की अंगणातला कुत्रा उठून उभा राहिला. पेटीचा आवाज दूरवर जातो, म्हणून सुरुवात पेटीने. पण नर जवळ आला की पेटी खाली ठेवायची, कारण तिला दोन्ही हात लागतात आणि हात हलला की पक्षी गेला. शेवटची वीस-पंचवीस पावलं ह्या चकतीची. आणि सगळ्यांत शेवटी काहीच नाही, गप्प बसायचं. नवशिके तिथेच चुकतात, म्हणाला. पाखरू साद देतंय ह्या आनंदात बोलतच राहतात. खरी मादी एवढं बोलत नाही.

तरन्नुममध्ये वाचणाऱ्या कवीला मिसऱ्यानंतर किती थांबायचं हे शिकायला दहा वर्षं लागतात. मला त्याचं बोलणं लगेच पटलं.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात जाऊन नऊ पेट्या वाजवल्या. दुकानदार कंटाळला, भाचा बाहेर गाडीत जाऊन बसला. सातवी घेतली. वीस डॉलर. महिनाभरात कान तेवढा तयार झाला होता, की निदान मला तसं वाटलं. निघायच्या दिवशी शेजाऱ्याने ती तपासली, मान डोलावली आणि पावाच्या एका रिकाम्या प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून परत दिली. ही त्याची काटकसर समजून मी मुंबईला उतरल्यावर पिशवी फेकून दिली.

चिपळूणला मे महिनाभर पेटी छान बोलली. नातवंडांनी तिचा जीव काढला. शेजारच्या कोंबड्यांनी तिची दखल घेतली नाही. खडू संपला तेव्हा मी शाळेतला फळ्यावरचा लावला, तिथे आवाज थोडा घसरला. मग जून उजाडला. चार दिवसांच्या झडीत लाकूड फुगलं, खडू ओला झाला, आणि झाकण नुसतं सर्रकन फिरायला लागलं. मी भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामू, पावसात सगळेच पेटी पिशवीत ठेवतात. पिशवीच्या आतच हात घालून वाजवतात. त्यांनी दिली होती ना तुम्हाला?"

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)