पायाखालचा वायू

१९८४ च्या डिसेंबरात अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, लिमरिक येथे, एका नव्या अणुवीज केंद्राची उभारणी संपत आली होती. अंगावर किरणोत्सर्गी कण चिकटले असल्यास इशारा देणारी यंत्रे तेथे बसविलेली होती. एका अभियंत्याच्या बाबतीत ती वारंवार वाजू लागली. केंद्रातून वीजनिर्मिती तर अद्याप सुरूही झालेली नव्हती. आणि एके सकाळी तो कामावर आत शिरताच यंत्र वाजले! किरणोत्सर्ग तो घरूनच आणीत होता.

त्याच्या घरातील हवेत रेडॉन वायूचे प्रमाण दर लिटरला सुमारे २,७०० पिकोक्युरी इतके आढळले. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने पुढे ज्या प्रमाणावर उपाय योजावा असे ठरविले, ते अवघे ४ आहे.

हा वायू नवा नव्हे. खडकांतील युरेनियमपासून रेडियम आणि रेडियमपासून रेडॉन निर्माण होतो. उघड्यावर तो विरून जातो. परंतु बंद घरात पायाच्या भेगांतून शिरून साठतो. त्याला रंग नाही, गंध नाही. त्याच्यापासून होणारे पोलोनियमचे कण श्वासावाटे फुप्फुसात बसतात व तेथील पेशींवर आघात करतात. जर्मनीतील श्नेबेर्गच्या खाणींत काम करणारी माणसे छातीच्या ज्या विकाराने शतकानुशतके अकाली मरत होती, तो विकार फुप्फुसाचा कर्करोग असल्याचे हेर्टिंग व हेसे या वैद्यांनी १८७९ मध्ये दाखविले. रेडॉनचा शोध तेव्हा लागायचाच होता.

खाणीत मालकाला जबाबदार धरता येते, कारखान्याच्या धुराड्याला कायद्याने आवर घालता येतो. पण घराखालच्या जमिनीवर खटला कोणी भरावा? आरोग्यधोरणापुढील पेच हाच होता. अमेरिकेने १९८८ मध्ये कायदा करून, घरातील हवा बाहेरच्या हवेइतकीच रेडॉनमुक्त व्हावी, असे ध्येय ठेवले. परंतु घरमालकावर सक्ती केली नाही. हवा तपासून घेण्याचा सल्ला मात्र त्याच वर्षी देण्यात आला. स्वीडनमध्ये तर १९२९ पासून १९७५ पर्यंत युरेनियमयुक्त शिलेपासून केलेले हलके काँक्रीट घरबांधणीत वापरले गेले. तेथे भिंतच वायू सोडीत असे. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने घनमीटरला १०० बेकरेल ही संदर्भ-पातळी सुचविली. ती साधणे अशक्य असेल तेथेही ३०० ओलांडू नये, असे सांगितले.

उपाय अवघड नाही. फरशीखालून नळी घालून पंख्याने तेथील हवा छपराबाहेर सोडली की बहुतेक काम होते. त्या अभियंत्याचे घरही काही महिन्यांच्या खटपटीनंतर पुन्हा राहण्याजोगे झाले व कुटुंब परतले. त्याच्या नशिबाने कामाच्या जागी इशारा देणारे यंत्र होते. इतरांच्या दारी असे यंत्र नसते. म्हणून कायद्याची उरलेली वाट गृहस्थाने स्वतःच्या घरची हवा तपासूनच पुरी करावयाची असते.