एका डिस्कवर दोन बिऱ्हाडं

मार्च १९८३मध्ये आयबीएमने ‘पीसी एक्सटी’ बाजारात आणला. त्यात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क होती आणि सोबत पीसी डॉसची २.० ही आवृत्ती. यंत्र सुरू झालं की बायोसने, म्हणजे यंत्रातच कोरलेल्या प्रोग्रामने, डिस्कचा पहिला सेक्टर, म्हणजे अवघे ५१२ बाइट, मेमरीत आणायचे आणि पुढचा कारभार त्यांच्या हाती सोपवायचा, अशी रचना होती. त्यातले ४४६ बाइट एका छोट्या प्रोग्रामसाठी, शेवटचे २ ओळखखुणेसाठी आणि मधल्या ६४ बाइटांत चार नोंदींचा तक्ता. पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा काढलेला भाग, कुठून सुरू होतं, किती मोठं आहे, कोणत्या जातीचं आहे आणि सुरुवात त्यातूनच करायची का, एवढी माहिती प्रत्येक नोंदीत. त्या काळच्या डॉसला मात्र एका डिस्कवर स्वतःचं एकच पार्टिशन वापरता येत होतं. ही अडचण १९८७च्या ३.३ आवृत्तीत दूर झाली. मग उरलेल्या तीन नोंदी कोणासाठी होत्या? पार्टिशनची जात सांगणारा तो एक बाइट कशासाठी होता? या दोन्हींचं समाधानकारक उत्तर एकच निघतं: दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी. डिस्क इतकी लहान असतानाही तिच्यावर एकाहून अधिक बिऱ्हाडं नांदतील, हे रचनाकारांनी गृहीत धरलं होतं.

एकाच संगणकात दोन ऑपरेटिंग सिस्टिम ठेवण्याकडे, म्हणजे ड्युअल बूटकडे, आज हौशी मंडळींची खटपट म्हणून पाहिलं जातं. माझ्या मते तो पीसीच्या मूळ रचनेतच मालकाला दिलेला हक्क होता, आणि गेल्या चाळीस वर्षांचा त्याचा इतिहास म्हणजे यंत्र सुरू होतानाच्या पहिल्या काही क्षणांवर कोणाची सत्ता चालावी, या वादाचा इतिहास आहे. एक्सटीच्या आधीच याची नांदी झाली होती. ऑगस्ट १९८१मध्ये पहिला पीसी जाहीर झाला तेव्हा आयबीएमने त्याच्यासाठी तीन पर्याय सांगितले होते: पीसी डॉस, सीपी/एम-८६ आणि यूसीएसडी पी-सिस्टिम. डॉस ४० डॉलरला आणि सीपी/एम-८६ सुमारे २४० डॉलरला, त्यामुळे स्पर्धा फार काळ टिकली नाही. पण फ्लॉपी बदलली की ऑपरेटिंग सिस्टिम बदलते, हा अनुभव त्या पिढीला सहज होता. हार्ड डिस्क आल्यावर सिस्टिम यंत्रातच मुक्कामाला आली आणि निवडीची सोय फ्लॉपीच्या खाचेतून त्या ६४ बाइटांत शिरली. पुढे १९९२मध्ये ओएस/२च्या २.० आवृत्तीबरोबर आयबीएमने ‘बूट मॅनेजर’ दिला. स्वतःच्या चिमुकल्या पार्टिशनमध्ये राहणारा हा प्रोग्राम यंत्र सुरू होताच विचारायचा, आज कोणती सिस्टिम हवी?

या रचनेचं सगळ्यात मोठं फळ म्हणजे लिनक्स. हेलसिंकीत लिनस टॉरवाल्ड्सने १९९१च्या सुरुवातीला ३८६ जातीचा पीसी घेतला, त्यावर मिनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम बसवली आणि तिच्या आधाराने स्वतःचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, लिहायला घेतला. विद्यापीठाच्या संगणकाला मोडेमवरून फोन लावताना त्याच्याकडून चुकून तो हार्ड डिस्कलाच लावला गेला आणि मिनिक्सचं पार्टिशन खराब झालं. ते पुन्हा उभं करण्याऐवजी त्याने लिनक्सवरच राहायचं ठरवलं. ही घटना त्यानेच सांगितलेली आहे. तिच्यातून दिसतं ते असं की लिनक्स जन्मली दुसऱ्या सिस्टिमच्या शेजारच्या जागेत, आणि ती पसरलीही तशीच. सुरुवातीच्या काळात जो कोणी लिनक्सकडे वळला त्याच्या डिस्कवर बहुधा आधीपासून डॉस किंवा विंडोज होती. ती पुसून टाका अशी अट असती, तर किती जणांनी प्रयोग केला असता? वेर्नर आल्मेसबर्गरने लिहिलेल्या ‘लिलो’ या बूटलोडरने, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामने, हे शेजारपण शक्य केलं. लिलोला फाइल सिस्टिम कळत नसे. कर्नल डिस्कच्या नेमक्या कोणत्या जागांवर आहे याची यादी तो बाळगायचा, म्हणून कर्नल बदलला की लिलो पुन्हा चालवावा लागे. विसरलात तर यंत्र अडकायचं. जुन्या बायोसला १०२४ सिलिंडरांच्या पलीकडचं दिसत नसे, तेव्हा कर्नल त्या हद्दीच्या आत ठेवण्याची दक्षताही घ्यावी लागे. १९९५मध्ये एरिक बोलेन याने ग्नू हर्ड ही सिस्टिम सुरू करण्याच्या खटाटोपात ‘ग्रब’ लिहायला घेतला. त्याला फाइल सिस्टिम वाचता येत होती, त्यामुळे कर्नल नावाने शोधता येऊ लागला. आजही बहुतेक लिनक्स यंत्रांवर दिसणारी निवडीची यादी ग्रबचीच असते.

भारतात, आणि महाराष्ट्रात, ही सोय आणखी महत्त्वाची ठरली. नव्वदीच्या दशकात इंटरनेट महाग आणि मंद. लिनक्स इथे आली ती मुख्यतः सीडीवरून, ‘पीसीक्वेस्ट’सारख्या मासिकांबरोबर. घरात संगणक एकच, तो सगळ्यांचा. शिवाय मराठीत काम करणाऱ्याला विंडोज सोडणं शक्यच नव्हतं. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्रीलिपी’ विंडोजवर चालायची आणि छपाईच्या धंद्यातल्या फाइली युनिकोडपूर्व फाँटांमध्ये अडकलेल्या होत्या. अशा माणसाला दुसरी सिस्टिम शिकायची, तर पहिली जागेवर ठेवूनच. शेजाराची कुरबुरही होती, हे मान्य करायला हवं. विंडोज यंत्राच्या घड्याळात स्थानिक वेळ लिहिते आणि लिनक्स तीच वेळ जागतिक प्रमाणवेळ मानते, म्हणून एकीतून दुसरीत गेल्यावर आपल्याकडे घड्याळ साडेपाच तासांनी चुकतं. विंडोज नव्याने बसवली की पहिल्या सेक्टरमधला ग्रब पुसला जाई, हे दुखणं तर फार जुनं. या गैरसोयी उपायांनी मिटण्यासारख्या होत्या. हक्कावर खरं गंडांतर आलं ते करारांतून.

जाँ-लुई गासे यांच्या ‘बी’ कंपनीने बीओएस ही देखणी, ध्वनी-चित्रासाठी चपळ सिस्टिम तयार केली होती. विंडोजला हटवण्याचा त्यांचा दावाच नव्हता. तिच्या शेजारी जागा मिळाली तरी पुरे, अशी त्यांची भूमिका होती. संगणक विकतानाच निवडीचा पडदा दाखवून बीओएस देणाऱ्या उत्पादकाला ती फुकट देण्याचीही त्यांची तयारी होती. जपानच्या हिताचीने फ्लोरा प्रियस या मालिकेतल्या काही संगणकांत विंडोज ९८बरोबर ती भरून दिली. पण यंत्र सुरू झाल्यावर निवड विचारणारा पडदा त्यांवर नव्हता. बीओएस डिस्कवर होती आणि ग्राहकाला ती दिसत नव्हती. मायक्रोसॉफ्टच्या परवान्यातल्या अटींमुळेच उत्पादकांचे हात बांधले गेले, असा बीचा आरोप होता. २००१मध्ये कंपनीची मालमत्ता पामने १ कोटी १० लाख डॉलरला घेतली. फेब्रुवारी २००२मध्ये बीने खटला भरला आणि पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टने कोणतीही चूक कबूल न करता २ कोटी ३२ लाख ५० हजार डॉलर देऊन तडजोड केली.

‘मागणीच नव्हती, बाजाराने निवड केली,’ हा आक्षेप इथे हमखास घेतला जातो. बीओएसला प्रोग्रामांचा तुटवडा होता, हे खरंच आहे. पण ग्राहकाला पर्याय दिसलाच नाही, तर त्याने तो नाकारला असं म्हणता येत नाही. अमेरिकी सरकारने मायक्रोसॉफ्टवर १९९८मध्ये भरलेल्या मक्तेदारीच्या खटल्यात न्यायमूर्ती जॅक्सन यांनी १९९९मध्ये जे निष्कर्ष नोंदवले, त्यांत संगणक चालू केल्यापासून विंडोजचा पडदा येईपर्यंतच्या क्रमात उत्पादकांना बदल करू न देणाऱ्या अटींचा तपशील आहे. नोव्हेंबर २००२च्या अंतिम निकालात तर थेट तरतूद आली: एकाहून अधिक ऑपरेटिंग सिस्टिमने सुरू होणारा संगणक विकणाऱ्या उत्पादकावर मायक्रोसॉफ्टने सूड उगवायचा नाही आणि विंडोजच्या आधी चालणाऱ्या दुसऱ्याच्या बूटलोडरमधून पर्याय देण्यास अडवायचं नाही. हौसेपुरती वाटणारी गोष्ट अमेरिकेच्या न्यायालयाला निकालात लिहावीशी वाटली, यातच तिचं वजन कळतं. मात्र निकाल आला तेव्हा ‘बी’चा धंदा संपलेला होता.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. १९९९मध्ये व्हीएमवेअर वर्कस्टेशन आलं. २०१६पासून विंडोजच्या पोटातच लिनक्स चालवता येते. मग डिस्क वाटून घेण्याची गरजच काय? रोजच्या कामापुरतं हे बरोबर आहे, आणि शिकणाऱ्याने आभासी यंत्रापासून सुरुवात करावी हे मीही म्हणेन. पण आभासी यंत्रातली सिस्टिम यजमान सिस्टिमच्या परवानगीने जगते. यजमानाचा पाठिंबा संपला किंवा जुन्या यंत्राला तो झेपेनासा झाला, की पाहुणीही गेली. दोन सिस्टिम बरोबरीच्या असण्याची हमी डिस्कवरचं स्वतंत्र पार्टिशनच देतं. अॅपलचा अनुभवही हेच सांगतो. जानेवारी २००६मध्ये इंटेलचे मॅक आले. मार्चमध्ये हौशी प्रोग्रामरांनी त्यांवर विंडोज एक्सपी चालवून बक्षीस जिंकलं. ५ एप्रिलला खुद्द अॅपलने ‘बूट कॅम्प’ची चाचणी आवृत्ती दिली. आभासी यंत्राचा मार्ग मॅकवर त्याच वर्षी खुला झाला, तरी अॅपलने बूट कॅम्प २००७च्या लेपर्ड आवृत्तीत अधिकृतपणे सामील केला.

तिसरा आक्षेप सुरक्षेचा, आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिक ठरेल. पहिला सेक्टर सगळ्यांना खुला, म्हणजे व्हायरसलाही खुला. १९८६मध्ये लाहोरहून निघालेला ‘ब्रेन’ फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्येच दडायचा. १९९२मध्ये ‘मायकेलअँजेलो’च्या धास्तीने ६ मार्चला संगणक बंद ठेवायचे सल्ले दिले गेले. तेव्हा २०१२च्या विंडोज ८बरोबर आलेल्या सिक्युअर बूटला सबळ कारण होतं: ज्याच्यावर मान्य किल्लीची डिजिटल सही आहे तेच फर्मवेअरने सुरू करावं. प्रश्न किल्ली कोणाची, हा आहे. इंटेल-एएमडीच्या यंत्रांवर मालकाला सिक्युअर बूट बंद करता आलं पाहिजे, अशी अट मायक्रोसॉफ्टने प्रमाणपत्रासाठी घातली, आणि तीही रेड हॅटच्या मॅथ्यू गॅरेटसारख्यांनी २०११मध्ये जाहीरपणे धोका दाखवून दिला त्यानंतर. एआरएम यंत्रांसाठी नेमकी उलट अट होती. २०१५च्या विंडोज १०मध्ये पहिली अटही उत्पादकाच्या मर्जीवर सोडली गेली. लिनक्सवाल्यांनी ‘शिम’ नावाचा छोटा प्रोग्राम मायक्रोसॉफ्टकडून सही करून घेऊन वाट काढली. म्हणजे शेजाऱ्याला आत येण्याची परवानगी आता पहिल्या बिऱ्हाडाच्या सहीने मिळते.

सुरक्षा आणि मालकाचा हक्क एकत्र नांदू शकत नाहीत, असं मात्र नाही. २०२०नंतरच्या अॅपलच्या चिपवर बूट कॅम्प नाही, पण प्रत्येक बसवलेल्या सिस्टिमसाठी सुरक्षेची पातळी वेगळी ठरवता येते. मॅकओएस कडेकोट ठेवून शेजारी ‘असाही’ नावाची लिनक्स चालवता येते ती त्यामुळेच. याउलट ऑगस्ट २०२४मध्ये विंडोजच्या एका अपडेटने जुने बूटलोडर बाद ठरवले. ड्युअल बूट असलेल्या यंत्रांना हे लागू होणार नाही असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं होतं, तरी अनेकांची लिनक्स सुरू होईनाशी झाली. ज्या किल्लीने शिमवर इतकी वर्षं सही होत आली, तिच्या २०११च्या प्रमाणपत्राची मुदत जून २०२६पर्यंतची, आणि तिच्या जागी आलेलं २०२३चं प्रमाणपत्र जुन्या संगणकांच्या फर्मवेअरमध्ये पोचवण्याचं काम उत्पादकांच्या आणि अपडेटच्या हाती आहे.