डीएनएस सर्व्हर म्हणजे काय? आपल्या नेटवर्कवर तो कसा बसवतात?

४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री व्हॉट्सॲप, फेसबुक आणि इन्स्टाग्राम एकाच वेळी बंद पडले. देखभालीच्या कामात दिलेल्या एका चुकीच्या कमांडमुळे कंपनीच्या डेटा सेंटर्सचा संपर्क तुटला. तिचे डीएनएस सर्व्हर सुरू होते, पण इंटरनेटवरून त्यांच्यापर्यंत पोहोचताच येत नव्हतं. सेवा पूर्ववत व्हायला सुमारे सहा तास लागले.

डीएनएस काय करतं?

वेबसाइटचं नाव माणसांसाठी असतं, संगणकाला आयपी ॲड्रेस लागतो. नावावरून हा पत्ता शोधून देणारी व्यवस्था म्हणजे डोमेन नेम सिस्टिम. पॉल मॉकापेट्रिस यांनी ती १९८३ मध्ये मांडली. त्याआधी सगळी नावं एकाच फाइलमध्ये असायची.

स्वतःचा सर्व्हर कशासाठी?

एरवी हे काम तुमच्या इंटरनेट कंपनीचा सर्व्हर करतो. स्वतःचा सर्व्हर असेल तर ऑफिसातल्या प्रिंटरला सोपं नाव देता येतं, जाहिराती आणि फसव्या साइट्स अडवता येतात. एकदा शोधलेला पत्ता काही काळ साठवला जात असल्याने पुढचं उत्तरही लवकर मिळतं.

कसा बसवायचा?

१. कायम सुरू राहील असा संगणक निवडा. छोटा रास्पबेरी पायही पुरतो.
२. त्याला न बदलणारा आयपी ॲड्रेस द्या. उदा. १९२.१६८.१.१०.
३. सॉफ्टवेअर टाका. घरासाठी पाय-होल किंवा डीएनएसमास्क सोपं, मोठ्या नेटवर्कसाठी बाइंड.
४. आतल्या उपकरणांची नावं नोंदवा. घरगुती नेटवर्कसाठी ‘होम.आर्पा’ हे डोमेन राखून ठेवलेलं आहे.
५. राउटरच्या डीएचसीपी सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून हाच पत्ता भरा आणि मोबाइल, लॅपटॉप वायफायला पुन्हा जोडा.
६. ‘एनएसलुकअप’ कमांडने उत्तर कोणता सर्व्हर देतोय ते तपासा.

कोणती काळजी घ्यावी?

सर्व्हर फक्त आपल्या नेटवर्कपुरता ठेवा. त्याचं ५३ क्रमांकाचं पोर्ट बाहेरच्या जगाला उघडं राहिलं, तर हल्लेखोर त्याच्या आडून दुसऱ्यांवर डेटाचा मारा करू शकतात.

दुसरं म्हणजे, एकाच सर्व्हरवर विसंबू नका. तो बंद पडला तर इंटरनेट सुरू असूनही साइट्स उघडणार नाहीत. राउटरमध्ये पर्याय म्हणून ८.८.८.८ सारखा सार्वजनिक सर्व्हर भरला, तर काही प्रश्न थेट तिकडे जातात. मग आतली नावं सापडत नाहीत आणि अडवलेल्या जाहिराती पुन्हा दिसू लागतात. त्यामुळे दुसरा सर्व्हरही आपलाच आणि वेगळ्या मशीनवर असलेला बरा.