प्लँचेटची वाटी

आमच्या पिढीतल्या बऱ्याच जणांच्या घरी प्लँचेटचा एखादा तरी किस्सा निघतोच. कागदावर गोलात अक्षरं लिहायची, मधे वाटी उपडी घालायची आणि तिघाचौघांनी तिच्यावर हलकेच बोट टेकवायचं. वाटी सरकली, की "आला!"

इतका घरगुती वाटणारा हा प्रकार मूळचा आपला नाहीच. प्लँचेट म्हणजे फ्रेंचमध्ये छोटी फळी. १८४८ साली न्यूयॉर्क राज्यातल्या फॉक्स बहिणींच्या 'ठकठक' संदेशांची चर्चा झाली आणि मृतांशी बोलण्याची लाटच आली. आधी टेबलं हलू लागली, मग पेन्सिल खोचलेली चाकांची फळी आली. १८९१ मध्ये अमेरिकेत अक्षरांच्या ओईजा बोर्डाला पेटंट मिळालं, तेही खेळणं म्हणून!

गंमत म्हणजे उत्तर त्याआधीच सापडलं होतं. १८५३ मध्ये मायकेल फॅरेडेने (हो, तोच विजेवाला) हात आणि टेबल यांच्यामध्ये सरकू शकतील असे पुठ्ठ्याचे थर ठेवले. टेबलाच्या आधी हात सरकतात, असं दिसलं. हाताचा दाब दाखवणारा काटा बसलेल्यांना दिसेल असा ठेवला, तर टेबल हलेचना. लबाडी कुणाचीच नव्हती. आपण ढकलतोय हे ढकलणाऱ्यालाच कळत नव्हतं.

आता आमच्या घरातलं सांगतो. तरुण मुलगा गेल्यावर आजीने वाटीवर बोट ठेवलं. "मी सुखात आहे" असं आलं. त्या दिवशी आजी पोटभर जेवली, असं आई सांगते. ऑलिव्हर लॉजसारखा नामांकित भौतिकशास्त्रज्ञसुद्धा १९१५ मध्ये मुलगा युद्धात गेल्यावर अशा बैठकांना बसला, त्यावर पुस्तक लिहिलं. मग आजीला हसणारा मी कोण?

पण पुढे त्याच वाटीला विचारलं गेलं, "बांगडी कोणी नेली?" वाटीने कामवाल्या बाईंचं नाव सांगितलं. त्यांचं काम सुटलं. बांगडी काही मिळाली नाही.

ते नाव बोटांचंच होतं. संशय घरात आधीपासून होता, वाटीमुळे तो कुणालाच स्वतःच्या तोंडाने बोलावा लागला नाही, इतकंच. आजीच्या वाटीबद्दल मी गप्प राहीन, या दुसऱ्या वाटीबद्दल नाही.

असो. त्या बाई पुढे कुठे गेल्या, हे घरातल्या मोठ्यांपैकी कुणाला ठाऊक असेल, तर मला जरूर सांगा.